आधी काम करून तर बघू द्या!
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तासाची घंटा झाल्याशिवाय थांबायची सवय नाही. तरी आज वेळ पाळतो. एका फौजी माणसाची गोष्ट सांगतो आणि शेवटी आपल्या सोसायटीची एक.

त्यांचं नाव मेजर जनरल इयान कार्डोझो. जन्म १९३७ चा, मुंबईचा. शिकले खडकवासल्याच्या एनडीएत. खडकवासला आपल्याला काही परकं नाही, सिंहगडाचा डोंगर ओलांडला की आलंच. तिथल्या कॅडेटांच्या एका शिबिराचं नावच मुळी 'कॅम्प तोरणा' आहे. आपल्या वेल्ह्याचा तोरणा! एनडीएत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन्ही पदकं मिळवणारे कार्डोझो हे पहिले कॅडेट. पुढे ते गोरखा रायफल्समध्ये गेले. जवानांना 'कार्डोझो' काही म्हणता येईना, म्हणून ते म्हणायचे 'कारतूस साहेब'. म्हणजे आपलं काडतूस.

१९७१ चं युद्ध. आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटला त्यांची बटालियन हेलिकॉप्टरने उतरवली होती. लढाई संपत आली होती आणि त्यांचा पाय सुरुंगावर पडला. पायाच्या चिंधड्या झाल्या. जवळ ना मॉर्फिन, ना शस्त्रक्रियेची हत्यारं. सोबतच्या जवानाला पाय कापायला सांगितलं, त्याचा हात धजेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या खुकरीने स्वतःचा पाय कापला. पुढची शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या एका पाकिस्तानी सर्जनने.

एवढं सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात. पण खरी लढाई इथून पुढची आहे. लाकडी पाय बसला, पण एक पाय गेलेल्या अधिकाऱ्याच्या हाती बटालियन देत नाहीत असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी दया मागितली नाही, परीक्षा मागितली. शारीरिक चाचणीत दोन्ही पाय धड असलेल्या अधिकाऱ्यांना मागे टाकलं. लष्करप्रमुख जनरल रैना यांनी त्यांना लडाखला सोबत नेलं, बर्फातून डोंगर चढताना स्वतः पाहिलं आणि मगच निर्णय घेतला. बटालियन मिळाली, नंतर ब्रिगेडही मिळाली. पाय गमावून हे पद भूषवणारे भारतीय लष्करातले ते पहिले अधिकारी.

१९९३ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेत गेले. २००५ ते २०११ भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्ष होते. जी संधी स्वतः झगडून मिळवली, ती दुसऱ्याला झगडल्याशिवाय मिळावी, याच खटपटीत ते राहिले. आता २०१६ चा कायदा आहे. एकवीस प्रकारची दिव्यांगता त्यात मानली आहे, सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत. आपल्यासारख्या सोसायटीला ते आरक्षण लागू नाही. पण मनाला लागू करायला कोणी अडवलंय?

आता आपली गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी ऑफिसात हिशेबनीस हवा होता. वेल्ह्याकडचा एक मुलगा आला, नसरापूरला गाडी बदलून. बी.कॉम. झालेला, अक्षर सुरेख. अपघातात एक पाय गुडघ्याखाली गेलेला. आम्ही कमिटीवाल्यांनी चहा पाजला, चौकशी केली आणि सांगितलं, "बाळा, ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, तुला जिना झेपायचा नाही."

तो "बरं काका" म्हणाला आणि निघाला. त्याच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज खाली जाईपर्यंत ऐकू येत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, तो जिना चढूनच तर आमच्यासमोर येऊन बसला होता! पण मी उठून हाक मारली नाही. त्या कमिटीत मी होतो, म्हणून हे दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. दरवर्षी ऑडिटच्या वेळी खाडाखोड झालेली पानं बघतो आणि ते अक्षर आठवतं.

आणि गंमत बघा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण उड्या मारत चढायचो तो जिना. आज मेन्टेनन्सचा चेक द्यायला मी स्वतः नातवाला वर पाठवतो.

म्हणून या वर्षी दोनच मागण्या. एक, ऑफिस तळमजल्यावर आणा आणि गेटजवळच्या दोन पायऱ्यांना उतार करा. दुसरी, पुढच्या वेळी माणूस नेमताना त्याला आधी काम दाखवा, चार दिवस करू द्या, मग हो किंवा नाही म्हणा. लष्करप्रमुखांना लडाखपर्यंत जायला वेळ मिळाला, आपल्याला तर फक्त रजिस्टर पुढे सरकवायचं आहे.

तो मुलगा आज कुठे असेल, मला माहीत नाही. त्याची माफी मागायची राहिली आहे, ती आज तुमच्यासमोर मागतो.

दहा मिनिटं झाली. थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!