एक टन की दीड टन? आधी वर बघा

मार्च लागला की मला कोल्हापुरातून एकच प्रश्न येतो, "दहा बाय बाराची खोली आहे, एक टन घेऊ की दीड?" मी उलट विचारतो, खोलीच्या वर काय आहे? दुसऱ्याचा फ्लॅट का उघडी गच्ची? निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

आधी हे 'टन' प्रकरण मिटवू. ते मशीनचं वजन नव्हे. यंत्रं येण्याआधी गारव्यासाठी बर्फ वापरायचे. एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. वॅटमध्ये सांगायचं तर सुमारे ३,५०० वॅट.

आता खोलीत उष्णता येते कुठून ते बघा. निवांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. टीव्ही धरा तेवढाच. पण दिवसभर ऊन खाल्लेला उघडा स्लॅब एवढ्याशा खोलीत हजार वॅटच्या आसपास उष्णता सहज सोडतो. म्हणजे डोक्यावर एक हिटरच चालू. आणि सूर्य मावळला म्हणून तो बंद होत नाही, रात्री उशिरापर्यंत स्लॅब धगधगत राहतो. आपण एसी लावतो नेमका त्याच वेळी.

म्हणून राजारामपुरीत एकाच बिल्डिंगमध्ये मधल्या मजल्यावर एक टन पुरतो आणि वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत असेल तर, तेवढ्याच खोलीला दीड लागू शकतो. माझं मत विचाराल तर वरच्या मजल्यावाल्यांनी आधी गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग मारावा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करावी. मग हिशोब पुन्हा करावा. तो खर्च एकदाचा असतो, बिल दर महिन्याला येतं.

"पण मोठा घेतलेला बरा, सेफ!" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. नाही, बरा नाही. एसी दोन कामं करतो, हवा गार करतो आणि तिच्यातला दमटपणा काढतो. दुसरं काम व्हायला मशीन सलग चालावं लागतं. गरजेपेक्षा मोठा एसी पाच-दहा मिनिटांत खोली गार करतो आणि थांबतो. हवा थंड पण चादर ओलसर, असं होतं. नागपूरला एप्रिल-मेची हवा कोरडी असते, पारा ४५ ला जातो, तिथला हिशोब वेगळा. आपल्याकडं पारा बहुधा चाळिशीच्या आतच असतो, पण वळीव पडून गेला की काय चिकचिक होते ते तुम्हाला माहीत आहे. नागपूरच्या पाव्हण्यांचा सल्ला ऐका, पण टन त्यांचा घेऊ नका.

इन्व्हर्टर एसी गरजेप्रमाणं वेग कमी करतो, त्यामुळं हा त्रास बराच घटतो. पण त्यालाही खालची मर्यादा असते. छोट्या खोलीत दोन टनी इन्व्हर्टर लावला, तर तोही रात्री चालू-बंद करत बसतो.

दुकानात गेल्यावर 'टन' हा शब्द बाजूला ठेवा आणि स्टार लेबलवर थंड करण्याची क्षमता किती वॅट आहे ते वाचा. दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन मॉडेलांत काही शे वॅटचा फरक सापडतो. लेबलवरची वर्षाची युनिटं १,६०० तास वापर धरून काढलेली असतात. तुम्ही फक्त तीन महिने, तेही रात्रीच लावणार असाल, तर तुमचा आकडा बराच कमी येईल. मग पाच स्टारसाठी किती जादा मोजायचे ते त्यावरून ठरवा.

पेठांमधली जुनी कौलारू घरं मात्र या गणितात बसतच नाहीत. कौलांच्या फटीतून गारवा निघून जातो. आधी खाली छत करून फटी बुजवा, नाहीतर दोन टन लावला तरी गार कोण होणार? आढ्यावरच्या चिमण्या!

आणि हॉल-किचन एकच मोकळं असेल, तर माप दोन्ही मिळून धरा. किंवा मध्ये सरकतं दार बसवा.