पहारा देणारा डोळा का चुकतो?

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

एका पौष महिन्यातील गोष्ट आहे. बेळगावची थंडी ऐन भरात होती. आमच्या शहापुरातील एका शेजाऱ्यांच्या परसातून पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब रात्रीतून नाहीसा झाला. बंब जुना, आजेसासूबाईंच्या काळचा. घरच्या मंडळींना हळहळ वाटली. परंतु फारशी चिंता वाटली नाही. परसदाराच्या चौकटीवर दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा बसविला होता. कोणी समोर आले की आपोआप छायाचित्र घेणारा. "चोर जातो कोठे? त्याची तसबीर आमच्यापाशी आहे," असे यजमान येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत होते.

कॅमेऱ्यातील नोंदी उघडल्या, तेव्हा त्या रात्रीचे एकच छायाचित्र निघाले. काळेपांढरे आणि अंधुक. कानटोपी घातलेला एक मुलगा काखेत काही गठ्ठा घेऊन दाराशी वाकला आहे. खाली वेळ उमटलेली : रात्रीचे बारा वाजून बत्तीस मिनिटे. चेहरा पुसट होता. परंतु कानटोपीवरून गल्लीने त्याला ओळखले. तो आमच्या आळीत वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा होता. घरची मंडळी पहाटेपासून परसाकडे वावरतात, म्हणून त्या घरचा पेपर तो परसदारीच टाकीत असे. पण रात्री साडेबाराला त्याचे तेथे काय काम? मुलाला बोलावून आणले. तो बिचारा एवढेच म्हणत होता, "काका, मी सहालाच आलतो की हो. रोज येतो तसाच." कोणी ऐकेना. पोलीस चौकीची भाषा सुरू झाली.

माझे आयुष्य रेडिओ आणि दूरदर्शनचे संच दुरुस्त करण्यात गेले असल्यामुळे मलाही तेथे बोलावणे आले. मी त्याच दिवसाची पुढची छायाचित्रे पाहू लागलो. पहाटे तीन वाजताचे म्हणून जे चित्र होते, त्यात यजमानीणबाई तुळशीला पाणी घालीत होत्या आणि परसात लख्ख ऊन पडले होते! मग मी स्वतः कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या घड्याळात सव्वादहा झाले होते; चित्राखाली उमटले पावणेपाच. अंतर बरोबर साडेपाच तासांचे. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. कॅमेरा बसविताना त्याला आपला देश कोणता हे कोणी सांगितलेच नव्हते. तो दोन वर्षे ग्रिनिचच्या वेळेने चालला होता. रात्रीचे बारा-बत्तीस म्हणजे आपले सकाळचे सहा वाजून दोन मिनिटे. पौषात तेव्हा अंधारच असतो. काखेतला गठ्ठा वर्तमानपत्रांचा होता.

मुलगा सुटला. मग प्रश्न उरला, की ज्याने बंब नेला त्याचे छायाचित्र का नाही? या एका प्रश्नाच्या उत्तरात अशा कॅमेऱ्यांचे बहुतेक सारे दोष येऊन जातात. आज त्यांचाच विचार करावयाचा आहे.

घराच्या पहाऱ्यासाठी कॅमेरा ही कल्पना तशी नवी नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने आपल्या पतीसह अशा यंत्रणेच्या पेटंटासाठी १९६६ साली अर्ज केला आणि १९६९ साली ते त्यांना मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत दूरदर्शनचा पडदा, अशी ती योजना होती. परंतु तेथे पडद्यापुढे माणूस बसलेला होता. आजच्या कॅमेऱ्यापुढे कोणीच बसत नाही. चित्र केव्हा घ्यावयाचे हे यंत्राने स्वतःच ठरवावयाचे असते, आणि नेमके येथेच घोटाळे होतात.

चांगल्या पहारेकऱ्याची कामे पाच : जागणे, जाणणे, पाहणे, जपणे आणि सांगणे. कॅमेऱ्याची तपासणीही याच क्रमाने करावी, म्हणजे उगीच सर्व यंत्र उकलीत बसावे लागत नाही.

पहिले काम जागण्याचे, म्हणजे विजेचे. पुष्कळ घरी अशी तक्रार असते, की कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो आणि तिन्हीसांजेला मान टाकतो. यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. अंधार पडला की त्याच्या भोवतालचे अवरक्त दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. तार लांब आणि बारीक असेल, किंवा अ‍ॅडॅप्टर हलका असेल, तर दाब खाली येतो. कॅमेरा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. कॅमेरा काढून, त्याच्या मूळच्या अ‍ॅडॅप्टरने, भिंतीवरील प्लगाजवळच एक रात्र चालवून पाहावा. तेथे चालला, तर दोष तारेत आहे असे समजावे. बॅटरीवरील कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. तो वीज वाचविण्यासाठी झोपलेला असतो आणि चाहूल लागल्यावर जागा होतो. जागे होण्यास एखादा सेकंद तरी जातो. माणूस सहज चालीने सेकंदाला मीटरभराहून अधिक जातो. कॅमेरा अरुंद फाटकावर रोखलेला असेल, तर चित्रात रिकामे फाटक, नाहीतर पाहुण्याची पाठ येणार! म्हणून येणारा मनुष्य पाच-सहा पावले तरी दृष्टीत राहील अशी जागा निवडावी. दोन चित्रांमधील विश्रांतीचा काळही बहुतेक कॅमेऱ्यांत कमी करता येतो.

दुसरे काम जाणण्याचे. कित्येक कॅमेऱ्यांत माणसाच्या देहाची उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. समोरच्या उष्णतेत हलता बदल झाला की त्याला कळते. पण त्याच्या तीन खोडी आहेत. आडवा जाणारा मनुष्य त्याला चटकन कळतो. सरळ त्याच्याच रोखाने येणारा उशिरा कळतो. हवा देहाइतकी तापली की त्याला माणूस आणि भिंत यांतला फरक कमी जाणवतो. ग्वाल्हेर-इंदूरकडील वैशाखात कॅमेरा दुपारी आंधळा झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. आणि काचेपलीकडची देहाची उष्णता त्याला समजत नाही. खिडकीच्या आत ठेवलेला असा कॅमेरा बाहेरचा माणूस टिपणार नाही.

आमच्या शेजाऱ्यांकडे नेमके काय घडले, ते मला त्या रात्री स्वतः परसात चालून पाहिल्यावर कळले. बंब होता विहिरीजवळ, दारापासून तेरा-चौदा मीटरांवर. कॅमेऱ्याच्या चित्रात विहीर स्वच्छ दिसत होती, म्हणून घरच्यांचा समज असा, की तेथवर पहारा आहे. परंतु संवेदकाची जाणीव आठ मीटरांपलीकडे पोहोचत नव्हती. मी विहिरीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. कॅमेरा हलला नाही. दिसणे आणि जाणणे यांची मर्यादा एकच नसते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या जातीचे कॅमेरे एका चित्राची पुढच्या चित्राशी तुलना करून हालचाल ओळखतात. त्यांची तऱ्हा उलट. वाऱ्याने हललेली फांदी, पावसाची सर, मोटारीच्या दिव्याने सरकलेली सावली, साऱ्यांची ते वर्दी देतात. दिवसातून शंभर वर्द्या आल्या की माणूस कंटाळतो आणि मोबाइलवरील सूचनाच बंद करून टाकतो. ते करू नये. झाडाचा व रस्त्याचा भाग आखून वगळण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये असते, ती वापरावी.

तिसरे काम पाहण्याचे. रात्री चित्र धुरकट पांढरे येते, तेव्हा प्रथम कोळ्याला संशयित धरावे. दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. दिवसा ते जाळे दिसतही नाही. रात्री मात्र अवरक्त प्रकाशात त्याचा प्रत्येक धागा ट्यूबलाइटसारखा उजळतो. खिडकीच्या काचेमागे ठेवलेल्या कॅमेऱ्याचा प्रकाश काचेवरून परतून त्याच्याच डोळ्यांत जातो. तेथे त्याचे दिवे बंद करून बाहेर साधा दिवा लावावा. गोवा, कोकण आणि आमचा बेळगाव भाग येथील आषाढ-श्रावणात भिंगाच्या आतून दव धरते; वरचे रबर सैल झाले आहे, अशी ती खूण होय. दिवसाची चित्रे गुलाबी-जांभळी दिसू लागली, तर अवरक्त प्रकाश अडविणारी आतली लहान काच जागच्या जागी अडकली आहे असे समजावे. आणि दाराच्या आतून उजेडाकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा काळाच येणार. छायाचित्रकार सूर्याला पाठीशी का घेतो, ते आठवावे.

रात्रीच्या चित्रात चेहरा फराटल्यासारखा दिसतो, त्याचे कारण साध्या गणितात आहे. अंधारात पुरेसा प्रकाश गोळा करण्यासाठी कॅमेरा डोळा अधिक वेळ उघडा ठेवतो. समजा, एक दशांश सेकंद. तेवढ्यात सेकंदाला दीड मीटर चालणारा मनुष्य पंधरा सेंटिमीटर पुढे सरकतो. मग नाकडोळे एकमेकांत मिसळणार नाहीत तर काय? यावर महागड्या कॅमेऱ्यापेक्षा परसात रात्रभर जळणारा एक लहानसा दिवा अधिक उपयोगी पडतो.

चौथे काम जपण्याचे. चित्र घेतले, पण ठेवले कोठे? कॅमेऱ्यातील कार्ड भरले की काही यंत्रे जुनी चित्रे पुसून नवी लिहितात. काही मात्र गुपचूप थांबतात. कोणता प्रकार आपल्या घरी आहे, हे आधीच पाहून ठेवावे. सतत लिहून-पुसून कार्ड झिजते आणि झिजलेले कार्ड तक्रार करीत नाही. पुष्कळ जुने कॅमेरे बत्तीस गिगाबाइटांपेक्षा मोठे कार्ड स्वीकारीत नाहीत. नवे कार्ड घालताना ते कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करावे. चित्रे वाय-फायवरून मोबाइलकडे जात असतील, तर मधल्या भिंतींचाही विचार करावा. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती ओलांडताना लहरी क्षीण होतात. आणि राउटरचा पासवर्ड घरातील नातवाने बदलला, पण कॅमेऱ्याला कळविले नाही, हा प्रकार तर मी अनेक घरी पाहिला आहे.

पाचवे काम सांगण्याचे, म्हणजे वेळेचे. हे सर्वांत क्षुल्लक वाटते आणि, आपण पाहिलेच, तेच सर्वांत घातक ठरू शकते. देशाची वेळ नेमून दिली आहे ना, हे सेटिंगमध्ये पाहावे. कित्येक कॅमेऱ्यांची घड्याळे वीज गेल्यावर विसरभोळी होतात आणि इंटरनेटचा संबंध जुळेपर्यंत १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवीत बसतात. चित्र मुळीच नसेल, तर आपण हताश होतो, एवढेच. खोट्या वेळेचे चित्र मात्र आपल्याला खात्री देते, आणि त्या खात्रीच्या भरात दुसऱ्याचे आयुष्य नासू शकते.

प्रसंग घडलाच, तर आणखी एक दक्षता घ्यावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यावयाची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. तेव्हा मूळ कार्ड काढून जपून ठेवावे, त्यावर काही लिहू-पुसू नये, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ व खरी वेळ यांत किती अंतर आहे, ते त्याच क्षणी कागदावर नोंदवून ठेवावे.

श्रोतेहो, हे सारे लक्षात राहिले नाही तरी एक गोष्ट करावी. महिन्यातून एकदा, अमावास्येच्या रात्री, आपल्याच अंगणात चोरासारखे चालून पाहावे. फाटकातून या, भिंतीच्या कडेने या, जेथे मोलाची वस्तू आहे तेथवर जा. मग आत येऊन चित्र उघडा. चित्र आहे काय, चेहरा ओळखतो काय आणि खालची वेळ आपल्या घड्याळाशी जुळते काय, हे तीन प्रश्न विचारा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, म्हणजे भलताच प्रसंग ओढवणार नाही!

आमच्या शेजाऱ्यांचा बंब शेवटपर्यंत मिळाला नाही. कॅमेरा आता विहिरीजवळच्या खांबावर आहे आणि त्याचे घड्याळ बरोबर चालते. यजमानांनी त्या मुलाची क्षमा मागितली. सणाला त्याला नवे कापडही केले. मुलगा अजून आमच्या आळीत पेपर टाकतो. फक्त त्या घरी तो परसदारी जात नाही. पुढच्या दाराशी उभा राहतो, घंटा वाजवितो आणि कोणीतरी दार उघडून आपल्याला पाहीपर्यंत तेथून हालत नाही.