आधी ‘बसा’ म्हणा

(आपल्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा लेखी पाठ)



कार्यक्रमपत्रिकेत ‘आरोग्यविषयक व्याख्यान’ एवढंच छापलं आहे. त्यामुळे बरेच जण साखर आणि रक्तदाबाच्या तयारीनं आले असतील. त्यांची मी आधीच क्षमा मागतो, कारण विषय थोडा वेगळा आहे. मी राज्य शासनाच्या आरोग्य सेवेत आहे. शिक्षण म्हणाल तर डी.एम.एल.टी., म्हणजे पदविका. रक्त-लघवी तपासणारा माणूस मी, विद्वान नव्हे. पण गेली काही वर्षं तपासणीबरोबर आणखी एक काम माझ्याकडे येतं. एचआयव्हीच्या कामातल्या कर्मचाऱ्यांनी समलैंगिक आणि तृतीयपंथी व्यक्तींशी कसं वागावं, याच्या प्रशिक्षणाची जुळवाजुळव मी करतो. सरकारी कागदावर त्याला ‘संवेदीकरण’ म्हणतात. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

काही जणांना वाटेल, गणपतीपुढे हा विषय कशाला? माझं म्हणणं असं, की विघ्नहर्त्यापुढे विघ्नाची गोष्ट नाही काढायची, तर कुठे काढायची?

सुरुवात आपल्याच एका लेकीपासून करतो. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली, मद्रासला. तो शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. जसे आपण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलो, तसं मद्रासला स्थायिक झालेलं ते मराठी कुटुंब. त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले होते. त्या काळी मोठमोठे लोक म्हणत होते, हा आजार परदेशातला, आपली संस्कृती वेगळी, आपल्याकडे येणार नाही. नमुन्यांनी वेगळं उत्तर दिलं. पुढे सुनीतीताईंनी वडिलांच्या नावानं, म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावानं, संस्था काढली आणि आयुष्यभर या रुग्णांची सेवा केली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नाको’, उभी राहिली. पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. पुढे गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प आला, ग्लोबल फंडाचा पैसा आला. या साऱ्यांबरोबर एक गोष्ट पक्की झाली: ज्यांना धोका जास्त, त्यांनाच कामात बरोबर घ्यायचं. पण हे शहाणपण फक्त विलायतेहून आलं, असं समजू नका. मुंबईत अशोक राव कवी यांनी ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४ सालीच सुरू केला. तृतीयपंथीयांनी स्वतः चालवलेली ‘दाई वेल्फेअर सोसायटी’ही मुंबईतलीच. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ काढला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. म्हणजे आपल्या भाषेत हे काम बरीच वर्षं चालू आहे.

आता आकडे सांगतो, कारण प्रयोगशाळेच्या माणसाला त्यावाचून चैन पडत नाही. देशात प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. ‘नाको’च्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते सुमारे ३.३ टक्के, आणि तृतीयपंथीयांमध्ये सुमारे ३.८ टक्के आढळलं. म्हणजे पंधरा-वीस पट. लगेच कुणी म्हणेल, ‘बघा, त्यांच्या वागण्याचं फळ.’ असुरक्षित संबंधांतून विषाणू पसरतो हे खरंच आहे, आणि काही प्रकारच्या संबंधांत धोका जास्त असतो हेही खरं. पण निरोध मोफत आहे, तपासणी मोफत आहे, २००४ पासून एआरटीची औषधंही मोफत आहेत. मग माणूस घ्यायला का येत नाही? कारण दवाखान्याच्या दारात त्याची जी शोभा होते, ती त्याला आजारापेक्षा मोठी वाटते.

हे आपल्या लोकांना वेगळं समजवायला नको. १८९७ चं पुणं आठवा. प्लेगचं निर्मूलन करायला रँडसाहेब आला. उद्देश रोग हटवण्याचा, पण पद्धत कशी? गोरे सोजीर घरात, देवघरात, माजघरात घुसत. बायामाणसांची अब्रू राहिली नाही. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं लपवू लागले. पुढे चापेकर बंधूंनी काय केलं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनी मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात आणलं, आणि त्याच आजारानं १० मार्चला त्या गेल्या. रोग तोच, गाव तेच. एका पद्धतीनं माणसं लपली, आणि दुसऱ्या पद्धतीनं ती दवाखान्यापर्यंत पोचली. माझ्या प्रशिक्षणात मी परदेशी उदाहरणं फार देत नाही, हे एक पुरतं.

आता प्रशिक्षणात नेमकं काय करतो ते सांगतो. पहिला प्रश्न, कुणाला बोलवायचं? कागदावर नावं असतात डॉक्टरांची आणि समुपदेशकांची. पण रुग्णाला पहिल्यांदा भेटतो तो गेटवरचा गार्ड, मग पर्ची काढणारा बाबू, मग वॉर्डबॉय, आणि डॉक्टर सगळ्यांत शेवटी. गार्डनं ‘ए, इधर कहाँ’ म्हटलं, की पुढचे सगळे प्रशिक्षित लोक रिकामे बसून राहतात. म्हणून गार्ड, पर्ची खिडकी, सफाई कर्मचारी ही नावं मी आग्रहानं घालतो.

दुसरा प्रश्न, शिकवायचं कुणी? ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांनीच. आमच्याकडे तृतीयपंथी आणि समलैंगिक कार्यकर्ते येऊन बोलतात. इथे संयोजकाचं काम बारीक असतं. त्यांची खुर्ची डॉक्टरसाहेबांच्या शेजारी असावी. मानधन बाकी वक्त्यांइतकंच असावं. जेवण एकाच टेबलावर असावं. खाजगी आयुष्य उकरून काढणारे प्रश्न कुणी विचारू नयेत, हे आधीच सांगून ठेवावं. ते जेवायला बसले की सुरुवातीला शेजारची खुर्ची रिकामी राहते. मग कुणी तरी सिस्टर आपलं ताट घेऊन तिथे बसते, भाजीत मीठ कमी आहे म्हणते, आणि गप्पा सुरू होतात. स्लाइड दाखवून जे होत नाही ते तिथे होतं.

तिसरी गोष्ट, सवयी. पर्चीवर स्त्री-पुरुषाबरोबर तिसरा रकाना असावा. नाव मोठ्यानं ओरडून पुकारू नये, विशेषतः कागदावरचं नाव एक आणि समोरची व्यक्ती दुसऱ्या नावानं जगत असेल तेव्हा. रांग बायकांची की पुरुषांची, हे त्या व्यक्तीला विचारावं. ‘लग्न झालं का?’ यावरून काहीच कळत नाही, तेव्हा धोका कुठे आहे ते सरळ, बंद खोलीत, शांतपणे विचारावं. विनाकारण अंगावरचे कपडे काढायला लावू नयेत. आणि बाहेर चहाच्या टपरीवर एक अक्षर बोलू नये. हा केवळ चांगुलपणाचा भाग नाही. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही.

इथे भाषेची एक गंमत सांगतो. आम्ही उज्जैनकर दिवसभर हिंदीत बोलतो. हिंदीत ‘आप कहाँ से आए’ की ‘आप कहाँ से आईं’, हे आधी ठरवावं लागतं. समोरची व्यक्ती कोण हे डोळ्यांनी ठरवून मोकळं व्हावं लागतं, आणि तिथेच घोळ होतो. मराठीत ‘तू आलास का, आलीस का’ म्हणताना हीच अडचण. पण मान देऊन बोला: ‘तुम्ही कुठून आलात? बसा. काय त्रास होतोय?’ यात बाई-पुरुष काही येतच नाही! आदर दिला की लिंग ठरवायची गरजच उरत नाही. हिंदीतही ‘बैठिए, बताइए’ म्हणता येतं. हे सांगितलं की वर्गातले लोक हसतात, पण लक्षात ठेवतात.

विरोधही होतो. ‘हे निसर्गाविरुद्ध आहे’, ‘आमचा धर्म’, असं कुणी तरी म्हणतंच. मी वाद घालत नाही. मी सिंहस्थाची आठवण देतो. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या या शहरात किन्नर आखाड्याची पेशवाई निघाली. त्याच्या प्रमुख लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्या. एचआयव्हीच्या कामातूनच पुढे आलेल्या. त्यांचं आत्मकथन मराठीत आहे. परंपरेतल्या तेरा आखाड्यांनी मान्यता दिली नव्हती, तरी रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. आशीर्वादासाठी रांगा लागल्या. मी विचारतो, ज्या हातानं आपण त्यांच्याकडून आशीर्वादाचा रुपया घेतला, तोच हात पर्चीच्या खिडकीवर आखडता का घ्यायचा? महाकालाच्या गावात अर्धनारीनटेश्वर समजावून सांगायची वेळ येऊ नये.

कायदाही बदलला आहे. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. त्याआधी, गुन्ह्याच्या भीतीनं लोक लपतात आणि त्यामुळे एचआयव्ही रोखण्यात अडथळा येतो, हे ‘नाको’नंच दिल्ली उच्च न्यायालयात शपथपत्रावर सांगितलं होतं. सरकारी खात्यानं सरकारी कायद्याची अडचण कोर्टात मांडावी, असं रोज होत नाही.

आतापर्यंत आपण दवाखान्यातच होतो. आता थोडं घरात येऊ. किन्नर दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं विषय तेवढाच. पण समलैंगिक मुलगा किंवा मुलगी दिसत नाही. ती तुमच्या-माझ्या घरात वाढते. गणपतीची आरास करते, आरतीला टाळ धरते. सव्वीस-सत्तावीस वय झालं की आपण स्थळं बघायला लागतो. मुलगा टाळाटाळ करतो. आपण म्हणतो, लग्न झालं की सगळं ठीक होईल. तसं होत नाही. दोन आयुष्यं अडकतात, आणि मुलगा लपून, घाईत, असुरक्षित संबंधात असेल तर त्याचा आजार त्या बिचाऱ्या सुनेच्या रक्तातही येतो. तिनं कुणाचं काय बिघडवलेलं असतं? माझ्या टेबलावर येते ती रक्ताची एक छोटी नळी. तिच्यावर आडनाव नसतं, फक्त क्रमांक असतो. कुळ, गोत्र, पत्रिका त्यात दिसत नाही. एवढंच सांगतो, बाकी आपण सुज्ञ आहात.

आणि निदान झालंच, तरी आज तो मृत्यूचा निरोप नाही. औषध रोज वेळेवर घेतलं, आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. फक्त पहिली तपासणी झाली पाहिजे. आणि त्यासाठी माणूस दारात आला पाहिजे.

शेवटी पैशाचं बोलतो. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्याचा सुमारे १५,४७२ कोटींचा खर्च भारत सरकारनं स्वतः मंजूर केला, ही अभिमानाची गोष्ट. पण काही नाजूक कामं परदेशी मदतीवर उभी होती. हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथे तृतीयपंथीयांसाठी ‘मित्र’ नावाची क्लिनिकं होती. तिथले बरेच कर्मचारी त्याच समाजातले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं मदत थांबवली आणि तिन्ही ठिकाणचं काम बंद पडलं. वॉशिंग्टनला एक सही झाली आणि पुण्याचं दार बंद झालं. यातून मी एकच शिकलो. औषध विकत आणता येतं, किट आणता येतात, तज्ज्ञसुद्धा बोलावता येतात. ‘बसा’ म्हणणारा माणूस मात्र आपलाच असावा लागतो, आणि त्याला अनुदान लागत नाही.

२०२८ ला पुन्हा सिंहस्थ आहे. लाखो लोक येतील, आमच्या खात्याची धावपळ आत्तापासून आहे. या मंडळातही डॉक्टर आहेत, नर्सेस आहेत, शिक्षक आहेत, औषधाची दुकानं चालवणारे आहेत. आपणा सर्वांना माझी विनंती एवढीच. आपल्या दवाखान्यात, शाळेत, दुकानात असं एक तासाचं प्रशिक्षण ठेवा. बोलवाल तर मी येईन, चहा पुरे. घरातल्या मुलानं काही सांगायचा प्रयत्न केला, तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. आणि कुणाला शंका असेल, तर १०९७ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे नाव सांगावं लागत नाही.

 गणपती बाप्पा मोरया!