कारखाना हवा, पण कोणत्या अटीवर?

(कल्याण येथील बुद्धविहारात नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे एका वकील बंधूंनी दिलेले भाषण)



ठाणे, कल्याण व डोंबिवली या टापूतील कारखानदारी हितकारक की घातक, असा वाद आज आपल्या वस्त्यांतूनही चालू आहे. २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. पहिल्यात बारा, तर दुसऱ्यात दहाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ‘कारखाने येथून हालवा’ अशी मागणी व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाचा निर्णय आपण आपल्या हिताची कसोटी लावून केला पाहिजे.

प्रथम लाभाची बाजू पाहू. १९१८ साली शेतजमिनीच्या तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात परमपूज्य बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेतीवर पडलेला माणसांचा अतिरिक्त भार उद्योगधंद्यांनी उचलल्यावाचून शेतीचा प्रश्न सुटणार नाही. आपल्याला तर याहून मोठा लाभ झाला. गावात काम जातीने ठरे आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीने मिळे. शहरात श्रमाचे दाम रोख मिळू लागले व त्या दामातून मुलांची शाळा झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत होय. अशा वसाहतींनी आपल्याला गावकीच्या बाहेर पाऊल टाकावयास जागा दिली, हे विसरणे कृतघ्नपणा ठरेल.

परंतु कारखान्याच्या दारात जात थांबली काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण सूत तोंडाने ओढावे लागे व त्याचा इतरांना विटाळ होई! म्हणूनच १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. आज विटाळाची भाषा कोणी उघड बोलत नाही. परंतु सर्वांत घातक काम कंत्राटदाराच्या माणसाने करावे आणि हजेरीपटावर त्याचे नावही नसावे, हा नवा बहिष्कारच नव्हे काय?

तथागतांनी सम्यक आजीविका सांगताना विषाचा व्यापार निषिद्ध मानला. ज्या कारखान्याचे विषारी पाणी उल्हास वा वालधुनी नदीत जाते, त्याच्या मालकालाही हीच कसोटी लागू आहे.

आता स्थलांतराचा प्रश्न. डोंबिवलीतील १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगा येथे नेण्याचा शासनाचा निर्णय २०२२ साली जाहीर झाला. तरीही २०२४ चा स्फोट टळला नाही. धोका लोकवस्तीपासून दूर गेलाच पाहिजे. पण कारखाना गेल्यावर कामगाराचे काय? आंबिवली-मोहने येथील एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला. तेथील कायम कामगारांनाही थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. मग ज्याच्यापाशी कागदाचा तुकडाही नाही, त्या कंत्राटी कामगाराला कोण विचारणार? म्हणून माझे म्हणणे असे की, कारखाना हालविण्यापूर्वी कंत्राटी कामगारांसह सर्वांची यादी व्हावी आणि त्यांना काम अथवा भरपाई मिळावी, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

कायदा आपल्याला अगदीच निःशस्त्र ठेवीत नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखान्यातील धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन मालकांवर घातले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांत नियुक्तिपत्र देण्याचेही बंधन आहे. परंतु न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.

म्हणून नियुक्तिपत्र मागा. वेतनचिठ्ठी व हजेरीचा पुरावा जपून ठेवा. कोणते रसायन हाताळतो, हे विचारा. एकट्याला भय वाटत असेल तर संघटना करून विचारा. मुलाला केवळ कारखान्याच्या दाराशी उभे करू नका. त्याला यंत्रशास्त्र, रसायनशास्त्र व कायदा शिकवा.

कारखाना आपल्याला हवा आहे. मात्र तेथे माणसाचा जीव मालापेक्षा स्वस्त असता कामा नये. धम्म स्वीकारून आपण जन्मावर लादलेली हीनता नाकारली आहे. श्रमावर लादलेली हीनताही नाकारणे हे त्याच दीक्षेचे पुढचे पाऊल आहे.

जय भीम!