मोटारीचा ताप अँपिअरवर ओळखा



उन्हाळी धानाची रोवणी उरकली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात विहिरी-बोअरवरच्या मोटारी एकदम चालू लागतात. धान गर्भात येते तेव्हा पाण्याचा एक दिवसही खाडा चालत नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत मोटार जळते. रिवाइंडिंगच्या दुकानात नंबर लागेपर्यंत बांधीला भेगा पडतात. काही जण म्हणतात, “साहेब, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला बिल नाही, मग विजेचा हिशेब कशाला?” बिल नसेल, पण जळालेली मोटार तुम्हालाच भरून आणावी लागते. म्हणून आज थोडे गणित करू. शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याचा दाब समजा, अँपिअर म्हणजे पाइपातून वाहणारे पाणी, आणि रोध म्हणजे पाइपाचा अरुंदपणा. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. हा नियम जर्मनीच्या ओहम नावाच्या शिक्षकाने १८२७ साली मांडला. साध्या बल्बला व्होल्ट गुणिले अँपिअर केले की वॅट मिळतात. थ्री फेज मोटारीला मात्र त्याला आणखी १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने गुणायचे. आपण पॉवर फॅक्टर ०.८५ धरू.

आता पाच अश्वशक्तीची मोटार घ्या. तिच्या पट्टीवर ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर लिहिलेले आहे. गुणाकार केला की सुमारे ४,५८० वॅट येतात, म्हणजे तासाला साडेचार युनिटांहून थोडे जास्त. पाच अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॅट. वरचे वॅट मोटारीत उष्णता होऊन जातात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका कास्तकाराची मोटार दोन उन्हाळ्यांत दोनदा जळली होती. त्यांचा राग कंपनीवर होता. वायरमनला सोबत घेऊन आम्ही पंप चालू असताना माप घेतले. स्टार्टरजवळ ३४५ व्होल्ट आणि ९.२ अँपिअर. गुणाकार करून पाहा: सुमारे ४,६७० वॅट. म्हणजे मोटार वीज जवळपास तेवढीच ओढते आहे, पण दाब कमी म्हणून प्रवाह वाढला. पुष्कळांना उलटे वाटते. व्होल्टेज कमी झाले तर मोटार कमी वीज खाईल अशी त्यांची समजूत असते. बल्ब मंद होतो. मोटार मंद होत नाही, ती जास्त अँपिअर ओढून तेवढेच पाणी उपसायला बघते. आणि तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. ७.५ चे ९.२ झाले की वेटोळ्यातली उष्णता दीडपट होते. रिले सुटायला पाहिजे होता, पण तो वारंवार सुटतो म्हणून कोणीतरी काटा १० वर फिरवून ठेवला होता! तो रखवालदार आहे बाबांनो, त्याला झोपवू नका.

मग मीटरपेटीपाशी व्होल्ट पाहिले. तिथे ३७२ होते. पेटी ते विहीर १५० मीटरच्या केबलमध्ये २७ व्होल्ट कुठे गेले? २७ ला १.७३२, ९.२ आणि ०.८५ यांनी भागा. दर तारेचा रोध सुमारे २ ओहम येतो. केबल अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची होती. एवढ्या लांबीला तिचा रोध १.१ ओहम असतो. उरलेले ०.९ ओहम कुठेतरी लपलेले. धुऱ्यावर शोधले तर पिळून टेप मारलेले दोन जोड सापडले, टेप काळी पडून आखडलेली. ९.२ चा वर्ग करून ०.९ ने आणि तीन तारांनी गुणले की सव्वादोनशे वॅट होतात. शंभर वॅटचे दोन बल्ब त्या जोडांत रात्रंदिवस जळत होते म्हणा ना.

वीज बंद करून वायरमनने जोड कापले आणि दाबाच्या नळ्या घालून नव्याने केले. स्टार्टरवर ३५७ व्होल्ट आणि ८.९ अँपिअर मिळाले. सुधारणा झाली, पण अजून जास्तच. डीपीवरूनच दाब कमी येत होता, त्याला आपण काय करणार? त्यांनी रिले परत ७.५ वर आणला, आणि पाणी देताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून घेतला. सेंट्रिफ्युगल पंपात पाणी कमी झाले की अँपिअरही उतरतात. पाणी हळू मिळते, पण मिळत राहते. शक्य असेल तेव्हा शेजाऱ्यांशी पाळी ठरवून सगळ्या मोटारी एकदम न लावल्यास आणखी बरे. पुढे ६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर तिचा रोध अर्ध्याहून कमी, सुमारे ०.४६ ओहम भरेल.

एक सावधगिरी. बंद मोटारीचे वेटोळे मीटरने मोजून तो रोध वरच्या गणितात घालू नका. तो मोजक्या ओहमचा असतो आणि उत्तर भलतेच येते. चालू मोटारीत नुसता तारेचा रोध नसतो, वेटोळ्याच्या चुंबकाचाही अडसर असतो. तसेच ओल्या हाताने, ओल्या बांधीत उभे राहून पेटी उघडू नका. माप वायरमनकडून घ्या. पॅनेलवर व्होल्टचा आणि अँपिअरचा काटा असेल तर ते रोज पाहायला तुम्हाला कोणाची गरज नाही. पट्टीवरचे अँपिअर खडूने पॅनेलच्या झाकणावर मोठ्या आकड्यात लिहून ठेवा, म्हणजे पाणी सोडायला गेलेल्या पोरालाही कळेल की मोटार केव्हा बंद करायची.