महामारी आणि जंगलातील संसार



महामारीच्या परिणामांचा विचार करावयास बसलेला मनुष्य बहुधा मृतांची संख्या मोजू लागतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, ठाकूरदेव या दैवताच्या डोंगराभोवती वसलेल्या सत्तर गावांच्या सूरजागड इलाक्यात ज्या माडिया आदिवासी कुटुंबांचा संसार चालतो, त्यांची २०२० सालची हानी या मोजणीत सापडावयाची नाही. तेथे कोरोनाच्या आधी टाळेबंदीचा हुकूम पोहोचला. एप्रिलअखेरच्या सरकारी वर्गवारीत गडचिरोली हरित पट्ट्यात होता, जिल्ह्यातील पहिले रुग्ण मे महिन्यात आढळले. तोवर घराघरांतील वर्षाच्या बेगमीला मात्र खिंडार पडून चुकले होते.

देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हा गुढीपाडव्याचा होता. पगारदाराला वर्षाचे बारा महिने सारखे. जंगलातील घराच्या हाती रोकड येण्याचे दिवस फाल्गुनापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंतचे, आणि त्यांचे आधार तीन : मोह, मिरचीतोड आणि तेंदूपत्ता. या तिन्हींवर एकाच वेळी कुलूप पडले. हीच टाळेबंदी श्रावणात आली असती, तर नाल्यांच्या पुराने एरवीही जगापासून तुटणाऱ्या या गावांतील पुष्कळांना तिची फारशी झळ लागली नसती, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याचा अंमल महाराष्ट्र शासनाने १३ मार्च रोजी जारी केला, तो मुंबई-पुण्याच्या प्लेगातून जन्मलेला. त्याच्या डोळ्यांपुढे चाळ होती, पेठ होती, रेल्वेचे स्टेशन होते. मोहाचे झाड नव्हते.

मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन मोकळी केलेली असते. बायका-मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन निघतात, ऊन चढेपर्यंत वेचतात, आणि मग अंगणभर पसरलेली ती फुले वाळत वाळत मनुकांसारखी तांबूस होतात. टाळेबंदीने वेचणे थांबले नाही; जंगलात कोण कोणाला अडविणार? थांबला तो आठवडी बाजार, जेथे या फुलांचे मीठ, तेल आणि लुगडे होत असे. केंद्र सरकारने १ मे रोजी वाळल्या मोहफुलाची आधारभूत किंमत किलोमागे १७ रुपयांवरून ३० रुपये केली, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु आधारभूत किंमत ही खरेदीचा काटा जेथे लागतो तेथेच किंमत असते, एरवी ती दप्तरातील नोंद होय. पावसाळी हवेत मोह ओलावा धरून नासतो, तेव्हा भाव येईपर्यंत थांबण्याची चैन या घरांना परवडत नाही, आणि दारात आलेल्या व्यापाऱ्याला हे ठाऊक असते.

मिरचीची कथा याहून कष्टाची. गडचिरोली-चंद्रपुरातील मजूर दर हंगामात तेलंगणातील खम्मम, वरंगळ भागांत मिरची तोडावयास जातात. मजुरी कधी रोखीत, कधी मिरचीच्याच रूपाने मिळते. वाहने बंद झाल्यावर यांतील अनेकजण डोक्यावर गाठोडी घेऊन रानवाटांनी पायी परतले, तेव्हा गावोगावी वेशीवर आडवी लाकडे टाकून गावबंदी केलेली होती आणि आलेल्यांना शाळेच्या इमारतीत विलग ठेवले जात होते. या गावबंदीला शहरांतील काही सुशिक्षितांनी अडाणीपणा म्हटले. दवाखाना दूर, वाटेत नदी, आणि वाहन नाही, अशा स्थितीत वेस बंद करणे याहून शहाणपणाचा कोणता उपाय त्या गावांपाशी होता, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मजुरीत मिळालेली मिरची ज्यांनी घरापर्यंत आणली, त्यांनाही ती विकावयास बाजार नव्हता.

मेमध्ये तेंदूचा हंगाम आला. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा) आणि वनहक्क कायद्यांच्या बळावर येथील ग्रामसभा आपल्या पानांचा लिलाव आपणच करतात, सत्तर पानांचा एक पुडा असा हिशेब ठेवतात, आणि वर्षातील सर्वांत मोठी रोकड याच पंधरवड्यात घरात येते. परंतु बिडीचा धंदाच थंडावल्यामुळे त्या वर्षी ठेकेदार कचरत होते.

सरकार स्वस्थ बसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणशी दरमहा पाच किलो मोफत धान्याने चुली पेटत्या राहिल्या, आणि याचे श्रेय निखालस द्यावे. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे रुपये जमा झाले. पण एसटी बंद असताना तालुक्याच्या बँकेपर्यंत जाणे-येणे हाच एक दिवसाचा रोजगार बुडविणारा प्रकार. खावटीचे पाहा. पावसाळ्यातील उपासमारीचे महिने निभावून नेण्यासाठी जी मदत कल्पिलेली, तिचा कुटुंबामागे चार हजारांचा, अर्धा रोखीने व अर्धा वस्तुरूपाने द्यावयाचा शासन निर्णय निघाला तो सप्टेंबरात, म्हणजे पावसाळा सरता सरता.

आश्रमशाळा बंद झाल्या, तेव्हा त्यांतील मुलामुलींचे जेवणही घरच्या हांडीवर आले. ऑनलाइन शिक्षणाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. जेथे मोबाइलला रेंज मिळवावयास टेकडी चढावी लागते, तेथे वर्गातील मूल गुराख्याच्या कामाला लागणारच, आणि मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेणारच. घराला त्या हातांची सवय झाली की शाळा उघडल्यावर ते हात परत मागणे सोपे नसते.

याच काळात, २०२१ साली, सूरजागडच्या डोंगरावरील लोहखनिजाचे उत्खनन पुन्हा सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याला विरोध करावयास ग्रामसभांचे लोक हजारोंच्या संख्येने एटापल्लीत जमले. खाणीची मजुरी ऋतू पाहत नाही, हंगाम हुकलेल्या घराला तिचे मोल अधिक वाटते. आणि तो डोंगर ठाकूरदेवाचा आहे. मोर्च्यात चालणारा बाप आणि खाणीवर नाव नोंदविणारा मुलगा एकाच उंबरठ्यातून बाहेर पडलेले असू शकतात, हे दोन्ही पक्षांचे वक्ते सोयीस्करपणे विसरतात.