पाहिलं ते सांगितलं

आम्ही नागपूरच्या मनीषनगरातून बोलतोय. विमानतळ आमच्या जवळच. विमानांचा आवाज रोजचाच, त्यामुळे मान वर करून कुणी पाहत नाही. पण एकाने नीट पाहिलं म्हणून पाच जीव वाचले, ती गोष्ट आज सांगतो.

६ मे २०२१. करोनाची दुसरी लाट होती. बागडोगऱ्याहून हैदराबादला रुग्ण नेणारी एक छोटी हवाई रुग्णवाहिका नागपूरला थांबून पुढे निघाली. आत रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर आणि दोन वैमानिक होते. उड्डाण करतानाच विमानाचं एक चाक निखळून खाली पडलं.

पहाऱ्यावरच्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाला ते दिसलं. विमान चालवणं हे काही त्याचं काम नव्हतं. तरी त्याने लगेच कळवलं, आणि निरोप वैमानिकापर्यंत पोचला. तो पोचला नसता, तर वैमानिक नेहमीसारखा चाकांच्या भरवशावर उतरायला गेला असता.

विमान मुंबईकडे वळवलं. तिथे धावपट्टीवर फेस पसरला, अग्निशमन दल सज्ज झालं. विमानाचं पोट धावपट्टीवर घासलं की ठिणग्या उडतात, आणि विमानात इंधन असतं. आग लागू नये म्हणून हा फेस. रात्री नऊच्या सुमारास कॅप्टन केसरी सिंह यांनी विमान पोटावर उतरवलं. पाचही जण सुखरूप!

कॅप्टनचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण मैत्रिणींनो, त्यांना तयारीला वेळ मिळाला तो सांगणाऱ्यामुळे, आणि ऐकणाऱ्यांमुळेही. "तुला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून जवानाला कुणी गप्प बसवलं नाही.

हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! मोटारपंपाची वायर उघडी पडलीय, बाळंतिणीचं अंगावरून जाणं थांबत नाहीये, हे आधी बाईलाच दिसतं. ती बोलते, आणि तिला गप्प केलं जातं. पुढे कधी सूनही बोलते, तेव्हा आपणच तिला गप्प करतो.

म्हणून गटाच्या प्रत्येक बैठकीत पाच मिनिटं राखून ठेवा. काय धोक्याचं दिसलं, ते प्रत्येकीने सांगायचं. कुणी हसायचं नाही. कुणाला कळवायचं ते तिथेच ठरवायचं आणि वहीत लिहायचं. बाळंतिणीसारखी घाई असेल तर बैठकीची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ वर कळवा. शंका खोटी निघाली तर चांगलंच झालं म्हणायचं.

दिसलं की सांगा. आणि कुणी सांगितलं की आधी ऐका. नमस्कार.